जुन्या गोळ्या-चॉकलेटांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पंचवटीत माझं छोटंसं दुकान आहे. काउंटरवर काचेच्या बरण्या ओळीने मांडल्यात, त्यात लिमलेट, संत्रागोळी, श्रीखंड गोळी, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, पेपरमिंट, शिट्टीचं चॉकलेट असं सगळं. आत येणारा माणूस आधी बरण्यांकडे बघतो, मग हसतो आणि मग विचारायला लागतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर, मेसेजवर पण तेच. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांबलीत कारण तो विषयच माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

नॉव्हेल्टी कँडी म्हणजे नक्की कुठलं चॉकलेट?

जी नुसती चघळायची नसते, तिच्याशी काहीतरी करायचं असतं, ती. शिट्टी वाजवायची, बोटात अंगठी म्हणून घालायची, जीभ निळी झाली का ते एकमेकांना दाखवायचं, आतलं कार्ड जमवायचं, मोठ्या माणसासारखी ओठात धरून ऐट मारायची. खाऊ आणि खेळणं एकाच पैशात. मी तर यात साधी संत्रागोळी पण धरते, कारण आम्ही त्या फोडी आधी गोल मांडून अख्खं संत्रं करायचो आणि मगच खायचो. माझं ठाम मत आहे की या गोळ्या लक्षात राहिल्या त्या चवीमुळे कमी आणि त्या हातात असताना आपण काय केलं आणि कोणाबरोबर केलं त्यामुळे जास्त. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर येतील.

आपण सगळ्यालाच "चॉकलेट" का म्हणतो, त्यात कोको तर नसतो?

हो नसतो, पण कागदात गुंडाळलेलं गोड म्हणजे चॉकलेट आणि बरणीतलं सुटं म्हणजे गोळी, असा आपला साधा हिशोब. गंमत म्हणजे इंग्रजीतला "कँडी" हा शब्द फिरत फिरत आपल्याकडूनच गेलाय. संस्कृत "खंड", त्याचं फारसी-अरबीत "कंद", तिथून युरोपात आणि मग कँडी. खांडसरी साखरेतला खांड तोच. "शुगर" सुद्धा आपल्या "शर्करा"चाच नातू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूळ, खंड, शर्करा असे साखरेचे वेगवेगळे प्रकार दिलेत, म्हणजे हे वेड किती जुनं आहे बघा.

रावळगाव खरंच नाशिकचं का? मला वाटायचं मुंबईची कंपनी आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. रावळगाव हे गाव आहे, मालेगाव तालुक्यात, आपल्याच नाशिक जिल्ह्यात. गावाचं नाव कागदावर छापून ते देशभर पोहोचलं, खाणाऱ्याला माहीतही नाही की आपण एका गावाचं नाव घेतोय. वालचंद हिराचंद, जन्म १८८२ सोलापूरचा, ज्यांनी पुढे १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली, त्याच माणसाने रावळगावच्या खडकाळ माळावर ऊस उभा केला आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना सुरू झाला. मग ४० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच साखरेच्या गोळ्या बनायला लागल्या. एका बाजूला विमान, जहाज आणि दुसऱ्या बाजूला पोरांच्या खिशातली गोळी, मला हे फार थोर वाटतं.

विचार करा ना, ऊस तिथलाच, साखर तिथलीच आणि गोळी पण तिथलीच. मालेगावकडचे पाहुणे आले की पिशवीत रावळगावचा पुडा असायचाच. मँगो मूड, कॉफी ब्रेक, टुटी फ्रुटी, चेरी, आणि अर्थातच पान पसंद. पान पसंदची टीव्हीवरची जाहिरात आठवते का, ज्यात कडक आवाजात बोललेलं वाक्य गोळी खाल्ल्यावर एकदम गोड व्हायचं? आमच्या घरी मोठी माणसं जेवणानंतर पान खायची आणि मुलांना पान मनाई, त्यामुळे पान पसंद म्हणजे आम्हाला मिळालेलं आमचं पान होतं. ती चोखून जीभ लाल झाली का बघायचो, व्हायची नाही, तरी बघायचो.

मग आता रावळगाव बंद झालं म्हणतात ते खरं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सच्या कन्झ्युमर प्रॉडक्ट्स कंपनीने रावळगावचे गोळ्यांचे ब्रँड, म्हणजे नावं, रेसिपी आणि त्यांचे हक्क, २७ कोटी रुपयांना घेतले. जमीन, कारखाना, मशिनरी जुन्या कंपनीकडेच राहिली. त्यामुळे नाव संपलं असं नाही, मालक बदलला. ती बातमी आली त्या आठवड्यात लोक दुकानात येऊन "उरलेत का, असतील तेवढे द्या" म्हणून मागत होते, एक काका तर पान पसंदचं अख्खं पाकीट घेऊन गेले आणि म्हणाले खाणार नाही, ठेवणार आहे.

पार्ले आधी बिस्किटं करायचं की गोळ्या?

गोळ्या. १९२९ मध्ये विलेपार्ल्यात सुरुवात झाली ती गोळ्या-टॉफ्यांनी, बिस्किटं त्यानंतर साधारण दहा वर्षांनी आली. वेलचीच्या स्वादाची किस्मी १९६३ ची आणि मेलडी १९८३ ची. किस्मी मला आजही वासावरून डोळे मिटून ओळखता येते.

रोला कोला मिळते का?

मधे मिळायची बंद झाली होती. मग २०१९ मध्ये एका माणसाने ट्विटरवर पार्ले कंपनीला विचारलं की परत आणा, कंपनी म्हणाली १० हजार रिट्विट करून दाखवा, आणि लोकांनी खरंच केले. त्याच वर्षी ती परत आली. एका गोळीसाठी १० हजार अनोळखी माणसं एकत्र आली. माझ्याकडे माल आला की ठेवते, पण चार दिवसांत संपतो, तेव्हा येण्याआधी फोन करा.

बांबूवर गुलाबी मिठाई लावून फिरणारे, हातावर घड्याळ करून देणारे काका कुठे गेले?

अगदी कमी झालेत पण गेलेले नाहीत. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेत गर्दीत कधीतरी तो बांबू दिसतो आणि मी सगळं सोडून तिकडे पळते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खांद्यावर जाड बांबू, त्याच्या वरच्या टोकाला एक बाहुली, खालून दोरी ओढली की ती टाळ्या वाजवते, आणि बाहुलीच्या खाली गुलाबी-पांढऱ्या साखरेचा मऊ गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. बॉम्बे मिठाई म्हणतात, आम्ही नुसतं "घड्याळवाला आला" म्हणायचो. त्या गोळ्यातून चिमटीने एक पट्टी ओढायची, वळवायची, दाबायची, आणि दोन मिनिटांत तुमच्या मनगटावर घड्याळ. मोर हवा तर मोर, विंचू, सायकल, अंगठी, काहीही. आणि निघताना उरलेला छोटा तुकडा गालाला चिकटवून द्यायचे, तो फुकट, आणि तो फुकटचा तुकडा खरा मानाचा असायचा.

यात कौशल्य किती आहे याचा लोक विचार करत नाहीत. साखरेचा पाक गोळीबंदच्या पुढे कडक होईपर्यंत आटवायचा, त्यात लिंबू पिळायचं म्हणजे पाक परत दाणेदार होत नाही, मग गरम असतानाच खुंटीला अडकवून ओढायचा, दुमडायचा, परत ओढायचा. प्रत्येक वेळी आत थोडी हवा शिरते, म्हणून काचेसारखा पारदर्शक पाक हळूहळू पांढरा, रेशमासारखा चमकदार होतो आणि दाताला हलका लागतो. हात भाजतात. जपानमध्ये गरम साखरेला कात्रीने कापत प्राणी बनवण्याची जुनी कला आहे, आमेझाइकू म्हणतात, तिचं लोक केवढं कौतुक करतात, व्हिडिओ बघतात. आपला बांबूवाला ऊन डोक्यावर घेऊन, चालता चालता, समोर दहा पोरं ओरडत असताना तेच करतो. त्याला कलाकार म्हणायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गल्लीत एकदा मी घड्याळ बांधून घेतलं आणि ते खायचंच नाही असं ठरवून झोपले. सकाळी उशी, केस, फ्रॉक सगळं गुलाबी आणि चिकट, आणि घड्याळ मुंग्यांनी भरलेलं. रडले खूप. पण घरातल्या अण्णांनी रागवायच्या ऐवजी विचारलं "किती वाजले होते त्यात?" आणि मला अजून आठवतं, मी सांगितलं होतं "पाच."

हलव्याचे दागिने आणि होळीचे हार-कडे तुमच्या बरण्यांच्या शेजारी का ठेवता? ते तर सणाचं आहे.

कारण माझ्या मते आपली खरी नॉव्हेल्टी कँडी तीच. बाहेरून खायची अंगठी आली तेव्हा आपण किती नवल केलं, पण आपल्याकडे संक्रांतीला नव्या सुनेला, तान्ह्या बाळाला अख्खे दागिनेच साखरेचे घालतात. मंगळसूत्र, बाजूबंद, मुकुट, बाळाला बासरी पण. काळ्या साडीवर पांढरा काटेरी हलवा कसा उठून दिसतो!

आणि तो काटा यायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. खसखस नाहीतर तीळ घ्यायचे, मंद आचेवर परातीत, त्यावर पाक अगदी थेंब थेंब टाकायचा आणि हात सतत फिरवत राहायचा. पाक जास्त पडला की गोळा, आच जास्त झाली की पिवळा. रोज थोडं थोडं असं कित्येक दिवस, तेव्हा कुठे दाण्याला काटे फुटतात. माझी आजी पहाटेच्या थंडीत करायची, ती म्हणायची काटा थंडीत चांगला येतो.

बोरन्हाणाचंही बघा. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओतायचा आणि भोवतीच्या पोरांनी झडप घालून गोळा करायचं, यात आता रंगीत जेम्सच्या गोळ्या आणि टॉफ्या पण आल्यात आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही. जेम्स तरी कुठे नवीन, १९६८ पासून आहेत आपल्याकडे.

हार-कडे म्हणजे होळीच्या वेळी मुलांना देतात ती साखरेची माळ आणि कडं, बाकी महाराष्ट्रात गाठी म्हणतात आणि गुढीला बांधतात. लाकडी साचा, त्यात दोरा, वरून गरम पाक, गार झाला की साचा उघडायचा. सणाच्या आधी कारागिरांची एवढी घाई असते की तेव्हा त्यांच्याशी बोलायला पण जाऊ नये. पोरं ते गळ्यात घालून दिवसभर हुंदडतात आणि संध्याकाळपर्यंत माळेतलं एकेक पदक कमी होत जातं.

बुढ्ढी के बाल एका डेंटिस्टने शोधले हे खरं का?

खरं आहे. अमेरिकेत नॅशव्हिलला विल्यम मॉरिसन नावाचे दातांचे डॉक्टर आणि जॉन व्हॉर्टन नावाचे मिठाईवाले, या दोघांनी १८९७ मध्ये मशीन बनवलं. गरम साखर गोल फिरवून बारीक छिद्रांतून बाहेर फेकायची, हवेत आली की धागा. १९०४ च्या सेंट लुईसच्या मोठ्या जत्रेत त्यांनी २५ सेंटला एक असे ६८,६५५ डबे विकले. आमच्याकडे त्याला म्हातारीचे केस म्हणतात, घंटी वाजली की कळायचं आला.

रंगाबद्दल मात्र जपा. २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडूत त्यात रोडामाइन बी सापडलं, तो कापड रंगवायचा रंग आहे, खायचा नाही, आणि तिथे विक्रीवर बंदी आली, मग कर्नाटकातही त्या रंगावर बंदी घातली. म्हणून मी पोरांना सांगते, पांढरा कापूस मागा. चव तीच असते.

फँटम सिगारेट ठेवता का? आणि मुलांना द्यावी का?

ठेवते. ती नागपूरची, हर्णिक कंपनीची. लाल टोक असलेली पांढरी पेपरमिंट कांडी आणि पाकिटावर वेताळ. वेताळ म्हणजे ली फॉक यांचा १९३६ सालचा फँटम, इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडे वेताळ नावाने घराघरात पोहोचला. सुट्टीत थंडीच्या सकाळी तोंडातून वाफ यायची आणि हातात ही कांडी, आम्हाला वाटायचं खरंच धूर निघतोय.

आता दुसरा प्रश्न. जगभर यावर वाद झाला आणि तो योग्यच होता, अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यात तर १९५३ पासून काही वर्षं अशा कांड्यांवर बंदीच होती, ब्रिटनमध्ये सिगारेट शब्द काढून नुसतं "कँडी स्टिक्स" म्हणायला लागले. माझं स्वतःचं मत सांगते, मी लहान मुलांच्या हातात ती सिगारेट म्हणून देत नाही. "पेपरमिंटची कांडी" म्हणून देते आणि कोणी ओठात धरून फुंकर मारायला लागलं तर सांगते की ही खडूसारखी धर आणि हवेत चित्र काढ. मोठी माणसं आठवणीसाठी घेतात ते वेगळं. अण्णांच्या दुकानात बिडीची थप्पी आणि ही कांडी एकाच फळीवर असायची, मला ते तेव्हाही खटकायचं, मी कांडीचा डबा उचलून खाली ठेवायचे.

याच्या उलटं उदाहरण पण आहे. डोकं मागे केलं की गोळी बाहेर येते तो पेझचा डबा माहिती असेल. व्हिएन्नाच्या एडुआर्ड हास यांनी १९२७ मध्ये पेपरमिंटची गोळी काढली ती मोठ्यांसाठी, सिगारेटऐवजी घ्या म्हणून. पेपरमिंटच्या जर्मन शब्दातलं पहिलं, मधलं आणि शेवटचं अक्षर घेऊन पेझ नाव केलं. सुरुवातीचा डबाही लायटरसारखा होता. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यावर कार्टूनची डोकी आली आणि ती मुलांची झाली.

तोंडात तडतडणारी गोळी कशी बनते? त्यावर कोल्ड्रिंक प्यायलं तर पोट फुटतं का?

नाही हो, नाही फुटत. जनरल फूड्स कंपनीत विल्यम मिचेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १९५६ मध्ये ही सापडली, पेटंट १९६१ चं, बाजारात आली ७० च्या दशकात. वितळलेल्या साखरेत सोड्यातलाच वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेच्या दाबाच्या साधारण ४० पट दाबाने मिसळतात आणि तसंच गार करतात. वायूचे बारीक बुडबुडे साखरेत अडकून बसतात. जिभेवर साखर विरघळली की बुडबुडा सुटतो, तड्! बस एवढंच. कोल्ड्रिंकच्या एका बाटलीत या पुडीपेक्षा किती तरी जास्त गॅस असतो.

पोट फुटून एक जाहिरातीतला मुलगा गेला ही अफवा तिकडे एवढी पसरली की कंपनीला १९७९ मध्ये वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन खुलासा करावा लागला. मुलगा धडधाकट होता. आमच्या शाळेतही हीच अफवा होती, फक्त मुलगा नाशिकरोडचा होता.

बबलगम गुलाबीच का असतो? आणि ती क्रिकेटची कार्डं आहेत का तुमच्याकडे?

१९२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्लीअर कंपनीतल्या वॉल्टर डीमर यांना पहिला नीट फुगणारा बबलगम जमला. ते तिथे अकाउंटंट होते, हा त्यांचा फावल्या वेळेतला उद्योग. तेव्हा हाताशी रंग फक्त गुलाबी होता, म्हणून गुलाबी, आणि मग सगळ्यांनी तोच धरला.

कार्डं विकायला नाहीत. बिग फन बबलगममध्ये खेळाडूंचे फोटो यायचे, त्यावर रन नाहीतर विकेट लिहिलेली, जमवून बक्षीस. ८० च्या दशकाच्या शेवटी वर्ल्ड कपचं वारं होतं तेव्हा माझ्या भावाने एवढी जमवली होती की गम आम्ही वाटून टाकायचो आणि कार्ड तो ठेवायचा. त्याचा डबा अजून घरी आहे, बघायला या, हात लावू देईन पण देणार नाही.

चॉकलेटच्या अंड्यात खेळणं असतं ते अमेरिकेत चालत नाही म्हणे?

बरोबर, तिथे १९३८ च्या कायद्याने खाऊच्या आत न खायची वस्तू घालता येत नाही, म्हणून १९७४ चं इटालियन किंडर सरप्राइज तिथे बसत नाही. किंडर जॉयमध्ये खेळणं आणि खाऊ वेगवेगळ्या अर्ध्यात असतात. किंडर बनवणाऱ्या फेरेरो कंपनीचा कारखाना आपल्या बारामतीत आहे.

पूर्वीची चव राहिली नाही असं वाटतं. गोळी बदलली की आपण बदललो?

दोन्ही. आधी गोळीचं बोलू. केळ्याच्या गोळीला जो वास येतो तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, अननसाच्या गोळीत इथाइल ब्युटिरेट. हे फळाच्या डझनभर वासांतले एकेकच, म्हणून अननसाची गोळी कधीच अननसासारखी लागत नाही, ती "अननसाच्या गोळीसारखी" लागते आणि ती आपली स्वतंत्र चव झाली. कंपनीने साखर, ग्लुकोज, इसेन्स यांचं प्रमाण जरा इकडेतिकडे केलं की जीभ लगेच ओळखते.

आता आपलं. वासाचा रस्ता मेंदूत जिथे आठवणी आणि भावना असतात त्या भागाशी अगदी जवळून जोडलेला आहे, त्यामुळे एखादी गोळी उघडली आणि आजोळची ओसरीच समोर उभी राहिली असं होतं ते खोटं नसतं. "नॉस्टॅल्जिया" हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस डॉक्टरने काढला, ग्रीक शब्द जोडून, घरी परतणं आणि दुखणं. परदेशात लढायला गेलेल्या स्विस सैनिकांना घराच्या आठवणीने जो त्रास व्हायचा त्याला तो आजार म्हणायचा. माझ्या दुकानात पुण्या-मुंबईला गेलेली, अमेरिकेत गेलेली पोरं सुट्टीला आली की येतात, लिमलेट तोंडात टाकतात आणि मधेच गप्प होतात, तेव्हा मला वाटतं तो डॉक्टर फार चुकला नव्हता.

आणि एक गोष्ट मी नक्की सांगू शकते. तेव्हा एक गोळी दुपारभर पुरवायची असायची, दाताने चावायची नाही असा आपणच नियम केलेला, मधेच बाहेर काढून किती उरली बघायची. आज आपण पाच घेतो आणि कडाकडा चावून टाकतो. तशी खाल्लेली गोळी तशीच लागणार कशी?

पूर्वी १० पैशाला दोन यायच्या, आता एक रुपयाला एक. एवढी महाग का?

एक रुपयाला एक मिळतेय हेच मला आश्चर्य वाटतं. साखर, कागद, गाडीभाडं, सगळं कुठल्या कुठे गेलं, गोळी मात्र वर्षानुवर्षं ५० पैसे, एक रुपया यातच अडकून बसली, कारण त्याच्या मधे नाणंच नाही. २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून बंदच झाली. सुट्टे नाहीत म्हणून वाणी गोळी हातावर ठेवायचा, तेव्हा गोळी हेच नाणं झालं होतं. अण्णांच्या गल्ल्यात एक कप्पा पैशांचा आणि एक गोळ्यांचा असायचा.

पावसाळ्यात गोळ्या चिकट होतात, काय करायचं?

कडक गोळी म्हणजे साखरेची काच. पाक साधारण १५० अंशांपर्यंत आटवला की पाणी जवळजवळ संपतं आणि गार झाल्यावर साखरेला दाणा धरायला वेळच मिळत नाही. ही काच हवेतलं पाणी ओढून घेते. म्हणून घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाला कापडाच्या पुरचुंडीत थोडे कोरडे तांदूळ, आणि ओला हात घालायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की दव धरते आणि आणखी चिकटते.

लहान बाळाला दिली तर चालेल?

कडक गोळी चार वर्षांखालच्या मुलाला अजिबात नको, घशात अडकते. मी हे दुकानात पण ऐकवते आणि कोणाला राग आला तरी चालेल. खेळताना, पळताना मोठ्या मुलांनाही नको, बसून खाऊ दे. पाकीटबंद मालावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर बघून घ्या. शुगर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं, आमच्याकडे येऊन नुसता वास घेऊन गेलात तरी मला आनंदच आहे.

लग्नात, शाळेच्या गेट-टुगेदरला बरण्या मांडून द्याल का?

हो, नाशिक शहरात देते, निदान आठ दिवस आधी सांगा. एक विनंती, चमचे आणि पाकिटं मागू नका. बरणीच्या झाकणात गोळ्या ओतून झाकणातूनच हातावर द्यायच्या, जशा वाणी द्यायचा. गेल्या वर्षी पन्नाशीतल्या एका बॅचचं गेट-टुगेदर होतं, सुरुवातीला सगळे हॉलमध्ये खुर्च्यांवर हात बांधून बसलेले, चाळीस वर्षांनी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. बरण्या उघडल्या आणि रांग लागली, आणि रांगेत ढकलाढकली पण लागली.

आमच्या मुलांना हे सगळं बोअर वाटेल का?

नाही वाटत, पण नुसती गोळी हातावर ठेवून "आमच्या वेळी" सुरू केलं तर वाटेल. त्यांना काहीतरी करायला द्या. संत्रं मांडायला सांगा, जीभ कोणाची जास्त हिरवी ते बघा, एक गोळी कोण जास्त वेळ पुरवतं त्याची शर्यत लावा.

एकच गोळी आणि चार जण असतील तर कशी वाटायची?

चिमणीच्या दाताने. हे विचारणाऱ्या पोरीला मी दुकानातच करून दाखवलं होतं, तिला चिमणीचे दात माहितीच नव्हते. फ्रॉकचं नाहीतर शर्टाचं स्वच्छ टोक घ्यायचं, गोळी त्यात गुंडाळायची, कापडावरूनच दाढेखाली धरायची आणि एकदाच जोर लावायचा. मधे कापड असतं म्हणून गोळी उष्टी होत नाही, आणि हा नियम सगळ्यांना मान्य असतो. लिमलेट बहुतेक वेळा चार तुकडे देते, संत्रागोळी तीन आणि थोडा चुरा, पान पसंदचे दोनच होतात. किस्मी तुटत नाही, ती ताणून वाटायची. सगळ्यात मोठा तुकडा ज्याने गोळी आणली त्याचा नाही, ज्याच्या शर्टाला डाग पडला त्याचा.